घेवड्याच्या बियाण्याला जैव उत्तेजक देताना: घरच्या चाचणीपासून शेतातल्या मोजणीपर्यंत

एका वाटीत पाणी घ्यावे, त्यात घेवड्याच्या (राजमा-फरसबीच्या वर्गातल्या) दहा कोरड्या बिया टाकाव्यात आणि तासभर शेजारी बसून पाहावे. थोड्याच वेळात बीच्या कडेला साल सुरकुतू लागते, कारण साल पाणी पिऊन पसरलेली असते आणि आतली दले, म्हणजे बीचे अन्न साठवणारे दोन जाड भाग, अजून कोरडी व घट्ट असतात. पुढे दलांपर्यंत पाणी पोहोचले की ती फुगतात आणि सुरकुत्या निघून जातात. मात्र ज्या बीची साल कुठे चिरलेली असते, त्या बीच्या दलांत पाणी एकदम शिरते आणि काही तासांनी वाटीतल्या पाण्याला पिवळट, गढूळ झाक येते. त्या पाण्यात बीच्या आतून निसटलेली साखर, अमिनो आम्ले आणि पोटॅश असते. रोपाने पहिल्या आठवड्यात ज्यावर जगायचे, ती शिदोरी बाहेर पडते आणि जमिनीतल्या बुरशीला आयते खाद्य मिळते.

घेवड्याच्या उगवणीसाठी जैव उत्तेजक, म्हणजे उगवण व मुळांची वाढ सुधारायला दिलेले शेवाळ अर्क किंवा ह्युमिकसारखे द्रव्य, वापरायचे असेल, तर विचाराची सुरुवात या वाटीपासून करावी लागते. बाटलीत काय आहे यापेक्षा ते बीपर्यंत किती पाण्यातून आणि किती वेगाने पोहोचते, याला घेवड्यात अधिक महत्त्व आहे. समुद्री शेवाळाचा अर्क मी पहिल्यांदा वापरला, तेव्हा बियाणे रात्रभर बादलीत भिजत ठेवले होते. सकाळी पाण्यावर फेस होता आणि बी बोटांत धरले की साल सुटून हातात येत होती. ते बियाणे टोकले आणि ओळीत जागोजागी नांगे (न उगवलेल्या मोकळ्या जागा) पडले. दोष अर्काचा नव्हता, भिजवण्याचा होता. भात, भेंडी किंवा कारले यांचे बी रात्रभर भिजवलेले चालते, म्हणून घेवड्यालाही तेच चालेल असे समजणे ही या पिकातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

जैव उत्तेजक नेमके काय करते

कोरडे बी ओलाव्यात आले की आधी ते केवळ फुगते. हा टप्पा इतका यांत्रिक असतो की मेलेले बीसुद्धा फुगते, त्यामुळे बी फुगले म्हणजे उगवेल असे धरून चालू नये. दुसऱ्या टप्प्यात पाणी शोषण्याचा वेग मंदावतो, पेशींची आवरणे पुन्हा जागेवर बसतात, विकरे कामाला लागतात आणि दलांतील साठा विरघळू लागतो. तिसऱ्या टप्प्यात मूळ सालीबाहेर येते. पेशींची आवरणे सावरण्याआधीच पाण्याचा लोंढा आत आला, तर दलांच्या बाहेरच्या थरातील पेशी मरतात. बी जितके कोरडे आणि पाणी जितके थंड, तितका हा धोका मोठा. आवरण सावरण्याचा हा काळ बीला शांतपणे मिळू देणे, हेच आपले पहिले काम असते.

जैव उत्तेजकाची मदत होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात. समुद्री शेवाळाच्या अर्कात बहुशर्करा, बीटेन आणि अत्यल्प प्रमाणात वाढीची नैसर्गिक द्रव्ये असतात. परदेशी उत्पादनांत बहुधा ॲस्कोफायलम हे थंड समुद्रातले शेवाळ असते, तर आपल्याकडे कॅपाफायकस या लाल शेवाळाचा रस वापरात आहे आणि त्याचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केले. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून मिळणारी ह्युमिक आणि फुल्विक आम्ले मुळांच्या पेशींना अन्नद्रव्ये आत खेचण्यास उद्युक्त करतात आणि बाजूची मुळे वाढवतात. अमिनो आम्ले व प्रथिनांचे विघटित घटक कोवळ्या रोपाला ताण सोसायला उपयोगी पडतात. कायटोसान बीभोवती पातळ पापुद्रा धरते आणि रोपाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जागी करते.

यांपैकी एकही द्रव्य मेलेल्या बीला जिवंत करीत नाही. ज्या लॉटची, म्हणजे बियाण्याच्या एका साठ्याची, उगवण नव्वद टक्के आहे, तिथे टक्केवारीत फारसा फरक दिसणार नाही, फार तर रोपे अधिक एकसारखी वर येतील. ज्या लॉटची उगवण चाळीस टक्के आहे, तो लॉट बियाणे म्हणून वापरूच नये. उपयोग होतो तो मधल्या परिस्थितीत, म्हणजे बी जिवंत पण थोडे अशक्त असेल, रब्बीची पेरणी लांबून रात्री थंड झाल्या असतील किंवा ओल जेमतेम असेल तेव्हा.

इथे एक शब्दाचा घोळ दूर करतो. बाजारात 'टॉनिक' या एका शब्दाखाली सगळे विकले जाते, पण संजीवक आणि जैव उत्तेजक या वेगळ्या गोष्टी आहेत. जिबरेलिक ॲसिडसारखी संजीवके, म्हणजे वाढीचे संप्रेरक, कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतात. जैव उत्तेजके फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या सहाव्या अनुसूचीत आली. तेव्हापासून वनस्पती व शेवाळ अर्क, ह्युमिक-फुल्विक, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे असे त्यांचे ठरावीक गट आहेत आणि मंजूर उत्पादनाबरोबर पीक व मात्रा नमूद असते. म्हणून खरेदी करताना लेबल नीट वाचावे. घटक व त्यांचे प्रमाण, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, पीक, मात्रा आणि वापरण्याची पद्धत हे सर्व त्यावर असले पाहिजे, आणि पावती घेतलीच पाहिजे. फवारणीसाठी दिलेली मात्रा बीजप्रक्रियेला लावू नये.

आधी बियाणे तपासा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा उदाहरणादाखल घेऊ. फिकट गुलाबी दाण्यावर वाघासारखे लालसर पट्टे, म्हणून त्याचे नाव वाघ्या. या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे बियाणे अनेक घरांत स्वतःचेच राखलेले असते आणि ते योग्यही आहे, पण राखलेल्या बियाण्याला काही दुखणी हमखास असतात. काढणीच्या सुमारास पाऊस लागला की शेंगेतल्या शेंगेत दाणा डागाळतो. फार वाळलेला घेवडा काठीने झोडपला किंवा मळणी यंत्र जास्त फेऱ्यांवर चालवले, तर सालीला केसासारख्या चिरा पडतात, दले आतून तडकतात आणि कधी कोंबाचे टोकच तुटते. असे बी उगवते, पण वर येते ते नुसती दोन दले घेऊन. मधला शेंडा नसतोच. पोते खांद्यावरून धाडकन टाकले, तरी हीच इजा होते.

म्हणून पेरणीच्या तीन आठवडे आधी बियाणे सुपात घेऊन हाताने निवडावे. डागाळलेले, बारीक, सुरकुतलेले आणि चिरलेले दाणे बाजूला काढावेत. चीर डोळ्यांना दिसत नसेल, तर मूठभर दाणे दहा-पंधरा मिनिटे पाण्यात टाकावेत. एवढ्या वेळात ज्या दाण्यांची साल लगेच ढिली पडून ते फुगलेले दिसतात, ते चिरलेले समजावेत. शंभरात असे दहाहून अधिक दाणे निघाले, तर त्या लॉटला कोणत्याही द्रावणात बुडवण्याचा विचार सोडून द्यावा. तपासणीसाठी घेतलेले हे मूठभर दाणे पेरणीत मिसळू नयेत.

उगवण चाचणीसाठी धुतलेले गोणपाट ओले करून चांगले पिळून घ्यावे, म्हणजे दाबले तर हाताला ओल लागेल पण पाणी ठिबकणार नाही. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट टाकून सैल गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. पाचव्या दिवशी पहिली आणि नवव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. नुसता मोड आलेला दाणा उगवलेला धरू नये. ज्याचे मूळ सरळ व पांढरे आहे, दले शाबूत आहेत आणि शेंडा दिसतो आहे, तेच रोप मोजावे. प्रमाणित बियाण्यासाठी घेवड्याची किमान उगवण ७५ टक्के मानली जाते. त्याच्या खाली थोडे असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, फार खाली असेल तर बियाणे बदलावे.

तीन गुंडाळ्यांची चाचणी

जैव उत्तेजक आपल्या बियाण्यावर काम करते की नाही, हे ठरवायला ही चाचणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. एका गुंडाळीत काहीही न लावलेले कोरडे बी ठेवावे. दुसऱ्या गुंडाळीत तेवढ्याच साध्या पाण्याने ओलावून सुकवलेले बी ठेवावे. तिसऱ्या गुंडाळीत लेबलवरील मात्रेने जैव उत्तेजक लावून सुकवलेले बी ठेवावे.

मधली गुंडाळी टाळण्याचा मोह होतो, पण तिच्यामुळेच खरे काय ते कळते. नुसत्या पाण्याने हलके ओलावून सुकवलेले बीसुद्धा कोरड्या बीपेक्षा लवकर उगवू शकते. पाण्याने जे काम होते त्याचे श्रेय बाटलीला दिले, तर दर हंगामात आपण पाण्याचेच पैसे मोजत राहतो. तिसरी गुंडाळी दुसरीपेक्षा सरस निघाली तरच उत्पादन घ्यावे.

सरस म्हणजे किती, हेही समजून घ्यायला हवे. एकाच पोत्यातून शंभर-शंभर दाणे दोनदा काढून काहीही न लावता उगवले, तरी आकड्यांत पाच-सात दाण्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे ८२ विरुद्ध ८६ हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. प्रत्येक प्रकाराच्या चार गुंडाळ्या, म्हणजे चारशे दाणे घेतले, तर आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो. टक्केवारीबरोबर पाचव्या दिवशी प्रत्येक गुंडाळीतील वीस रोपांच्या मुळांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढावी. शेवाळ अर्क आणि ह्युमिक यांचा परिणाम टक्केवारीपेक्षा या लांबीत आणि बाजूच्या मुळांच्या संख्येत आधी दिसतो.

प्रत्यक्ष बीजप्रक्रिया

झुडपी घेवड्याला एकरी साधारण २० ते २५ किलो बियाणे लागते. एका वेळी १० किलोच घ्यावे, म्हणजे द्रावण सगळीकडे सारखे बसते.

द्रावणाचे एकूण प्रमाण किलोला ५ ते ६ मिलीच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे १० किलोला ५० ते ६० मिली. घेवड्याचा दाणा मोठा असल्यामुळे एक किलो दाण्यांचा एकूण पृष्ठभाग बारीक बियांच्या मानाने कमी असतो आणि एवढे द्रावण पुरते. समजा, लेबलवर किलोला ३ मिली अशी मात्रा आहे, तर ३० मिली उत्पादन आणि २० ते ३० मिली पाणी एकत्र करावे. पावडर असेल आणि किलोला २ ग्रॅम मात्रा असेल, तर २० ग्रॅम पावडर ५० ते ६० मिली पाण्यात आधी पूर्ण कालवून घ्यावी. लेबलवरील मात्रा इतक्या कमी द्रवात बसत नसेल, तर ते उत्पादन घेवड्याच्या बीजप्रक्रियेसाठी नाही असे समजावे. दाट द्रावण जास्त गुणकारी असते, हा समजही चुकीचा आहे. घेवडा क्षाराला अतिशय संवेदनशील आहे आणि दाट द्रावणातले क्षार कोवळ्या मुळाचे टोक जाळतात.

पाणी मचूळ किंवा जड असेल तर पावसाचे किंवा गाळलेले पिण्याचे पाणी वापरावे. जड पाण्यात ह्युमिकचा गाळ बसतो. पोटॅशियम ह्युमेट अल्कधर्मी असते आणि आम्लधर्मी द्रावणात मिसळले की ह्युमिक आम्ल फाटल्यासारखे होऊन तळाशी बसते. म्हणून ते अमिनो आम्लाच्या आम्लधर्मी उत्पादनात किंवा कायटोसानच्या द्रावणात मिसळू नये. दोन बाटल्या एकत्र करण्याची घाई होत असेल, तर काचेच्या पेल्यात चमचा-चमचाभर मिसळून अर्धा तास ठेवावे. तळाशी गाळ किंवा गाठी दिसल्या, तर ते दोन्ही एकत्र देता येत नाहीत, हे लगेच कळते.

सावलीत स्वच्छ ताडपत्रीवर बी एका थरात पसरावे. हातमोजे घालून द्रावण हाताने किंवा बारीक फवाऱ्याने शिंपडत जावे. बी खाली-वर करताना चोळू नये. ताडपत्रीची टोके दोघांनी धरून बी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलके लोळवले की सालीला इजा होत नाही. चार-पाच मिनिटांत प्रत्येक दाण्यावर मंद चकाकी दिसली पाहिजे, पण दाणे एकमेकांना चिकटता कामा नयेत आणि ताडपत्रीवर ओघळ राहता कामा नये. कडेच्या दाण्यांची साल सुरकुतू लागली, तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी शिंपडणे तिथेच थांबवून बी पातळ पसरावे. त्यानंतर सावलीत वाऱ्यावर अर्धा ते एक तास सुकवावे. उन्हात वाळवू नये, कारण साल एकदम आकसली की पुन्हा चिरा पडतात.

बियाणे फारच कोरडे असेल, म्हणजे दाताखाली धरले तर कट्कन काचेसारखे फुटत असेल, आणि पेरणी थंडीत करायची असेल, तर एक काम आधी करावे. ओल्या, पिळलेल्या गोणपाटांच्या दोन थरांमध्ये बी पातळ पसरून रात्रभर ठेवावे. बी हवेतली दमट ओल हळूहळू घेते, नरम पडते आणि जमिनीतले पाणी अंगावर आले तरी तडकत नाही. सकाळी वर सांगितल्याप्रमाणे प्रक्रिया करून त्याच दिवशी पेरावे. या साध्या कामाचा गुण मला कोणत्याही महागड्या बाटलीइतकाच वाटतो.

बीजामृताबद्दल विचारणा होते, म्हणून सांगतो. देशी गाईचे शेण, गोमूत्र, चुना, पाणी आणि मूठभर माती यांचे हे मिश्रण घेवड्यालाही देता येते, मात्र जाड सालीच्या बियांप्रमाणे त्यात भिजत ठेवू नये. फडक्यात बांधून क्षणभर बुडवावे, लगेच काढावे आणि सावलीत सुकवावे.

बुरशीनाशक, उत्तेजक आणि जिवाणू यांचा क्रम

मर आणि मूळकुजीचा त्रास असलेल्या रानात फक्त उत्तेजकावर विसंबणे धोक्याचे आहे. शिफारस केलेले रासायनिक बुरशीनाशक वापरायचे असेल तर ते सर्वांत आधी लावून सुकवावे. त्यावर जैव उत्तेजक, आणि जिवाणू संवर्धक नेहमी शेवटी. घेवड्यासाठीचे रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र धरणारे जिवाणू, १० किलोला २५० ग्रॅम या प्रमाणात थंड केलेल्या गुळाच्या पातळ पाण्यातून लावावे आणि सुकताच पेरावे. पाकिटावर घेवड्याच्या गटाचे नाव असल्याची खात्री करावी, कारण सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे रायझोबियम घेवड्याच्या मुळांवर काम करीत नाही. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी आहे, ती वापरणार असाल तर रासायनिक बुरशीनाशक गाळावे. मी स्वतः ट्रायकोडर्मा, शेवाळ अर्क आणि शेवटी रायझोबियम हा क्रम पाळतो. या तिन्ही वेळी मिळून द्रवाची मर्यादा तीच राहते, प्रत्येक वेळी नव्याने ६ मिली धरायचे नाही.

घेवड्याच्या मुळांवर गाठी आपल्याकडे बहुधा कमीच येतात, त्यामुळे हे पीक इतर कडधान्यांपेक्षा नत्रावर जास्त अवलंबून असते. उत्तेजक दिले म्हणून नत्राची शिफारस केलेली मात्रा कमी करू नये.

पेरणी आणि मोजणी

उत्तम प्रक्रिया केलेले बीसुद्धा चिखलात कुजते. जमीन वापशावर, म्हणजे चिखल न राहता ओल टिकलेल्या अवस्थेत, आल्यावरच पेरावे. घेवड्याला मातीचे तापमान २५ अंशांच्या आसपास सर्वांत मानवते. १५ अंशांखाली उगवण फार रेंगाळते आणि ३५ च्या वर ती मार खाते. खोली ३ ते ५ सेंटिमीटर ठेवावी. हलक्या रानात थोडे खोल, भारी रानात उथळ. घेवडा उगवताना कोंबाची मान वाकवून दोन्ही दले जमिनीबाहेर ओढून काढतो, म्हणून पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर खपली धरली, तर मान मोडते. या अडचणीवर उत्तेजकाचा काहीही इलाज नाही. खपली धरली तर हलके पाणी द्यावे किंवा दाताळ्याने वरच्या वर हळुवार फोडावी.

सगळ्या रानात एकच प्रकार पेरू नये. निदान तीन ठिकाणी शेजारी-शेजारी ओळी धराव्यात, एक प्रक्रिया केलेली, एक नुसत्या पाण्याने ओलावून सुकवलेली, आणि बांधाला खुंटी मारून खूण ठेवावी. १५ सेंटिमीटरवर एकेक दाणा टोकला तर १५ मीटरच्या ओळीत शंभर दाणे बसतात आणि उगवलेली रोपे मोजली की थेट टक्केवारी मिळते. पहिले रोप दिसल्यापासून रोज एकाच वेळी मोजून तारखेसह वहीत लिहावे. एका ओळीत सगळी रोपे तीन दिवसांत आली आणि दुसरीत आठ दिवस येत राहिली, तर अखेरची संख्या सारखी असूनही पहिली ओळ चांगली, कारण तिची शेंग एका वेळी तोडणीला येते. पंधराव्या दिवशी प्रत्येक ओळीतली पाच रोपे खुरप्याने मातीच्या ढेकळासह उचलून बादलीतल्या पाण्यात धुवावीत आणि मुळे शेजारी-शेजारी पांढऱ्या कापडावर मांडून पाहावीत.

प्रक्रिया केलेले बी उरले तर ते पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. एकदा ओल लागून सुकलेले घेवड्याचे बी साठवणीत लवकर खराब होते आणि जिवाणू तर काही दिवसांतच मरतात. बुरशीनाशक लावलेले उरलेले बी डाळीत, उसळीसाठी किंवा जनावरांच्या खुराकात कधीही जाऊ देऊ नये. घेवडा हे घरात रोज शिजणारे धान्य आहे आणि गुलाबी पट्ट्यांच्या दाण्यावर औषधाचा रंग चटकन ओळखू येत नाही. म्हणून गरजेपुरतेच १०-१० किलो बी त्या त्या सकाळी तयार करावे आणि रिकामी पिशवी स्वयंपाकघराकडे फिरकू देऊ नये.